सहव्याधी नावाचा बचाव

पावसाळा लागला की पुण्यात स्वाइन फ्लूचे आकडे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. रुग्ण इतके, कृत्रिम श्वासावर इतके, दगावले इतके. आणि दगावलेल्यांच्या आकड्याला चिकटून एक ठरलेले वाक्य असते : 'मृतांना सहव्याधी होत्या.' हे वाक्य वाचून धडधाकट वाचक निश्चिंत होतो आणि पान उलटतो. आमचा आक्षेप आहे तो या वाक्याला. ज्याला यकृताचा जुना आजार होता, तो तापाच्या साथीत मेला, तर त्याला साथीने मारले की त्याच्या यकृताने? आम्ही पेशाने वकील आहोत. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो.

भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ ला एक स्पष्टीकरण जोडलेले होते. एखाद्या आजारी किंवा दुर्बल माणसाला इजा केली आणि त्यामुळे त्याचे मरण ओढवून जवळ आले, तर इजा करणाऱ्यानेच मरण घडवले असे मानावे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी कलम १०० खाली हेच स्पष्टीकरण कायम आहे. म्हणजे 'तो आधीच आजारी होता हो' हा बचाव कायदा मानत नाही. पण कागदावरचा कायदा आणि न्यायासनावरचा माणूस यांत नेहमीच अंतर राहिले आहे. १८७० च्या दशकात आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडीपाशी वेळेवर हजर नव्हता म्हणून आपल्या सईसाला मारले. सईस मेला. डॉक्टरांनी सांगितले, त्याची पाणथरी वाढलेली होती, ती फुटली. फुलरला दंड झाला ३० रुपये! तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन, जो काही गरिबांचा कैवारी नव्हता, त्यालाही हा निकाल पचला नाही. त्या काळात मलेरियाने गावेच्या गावे पाणथरी वाढलेली असत, आणि साहेबाच्या लाथेने मेलेल्या मजुराच्या बाबतीत वाढलेली पाणथरी हा साहेबाचा हुकमी बचाव असे. मजुराचा आजार हीच मारणाऱ्याची ढाल झाली होती.

लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाचीही पाणथरी वाढते. म्हणून आम्हाला आग्र्याचा तो सईस आठवला.

आता आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. येरवड्याच्या एका वस्तीत आमचे एक स्नेही राहत. नाव सांगत नाही. वय ५१, कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. २०१८ साली १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात त्यांनी रक्त दिले आणि काही दिवसांनी रक्तपेढीचा निरोप आला, तुमच्या रक्तात 'कावीळ बी' आहे. पुढच्या तपासण्यांत कळले की यकृताला सिरॉसिसची सुरुवात झाली आहे. कधी लागण झाली, कशी झाली, कोण सांगणार? कचऱ्यात फेकलेल्या सुया हाताला टोचणे हे त्यांच्या कामात रोजचेच होते. गोळ्या सुरू झाल्या, प्रकृती सावरली, कामही चालू राहिले.

१ मार्च २०२१ रोजी करोनाची लस ६० वर्षांवरच्यांना आणि ४५ ते ५९ वयातल्या सहव्याधी असलेल्यांना खुली झाली. सहव्याधींची यादी २० आजारांची होती आणि नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला हवा होता. आमचे स्नेही आपली फाइल घेऊन दाखला मागायला गेले. डॉक्टरांनी यादी पाहिली आणि नकार दिला. यादीत यकृताच्या बाबतीत शब्द होते 'डिकॉम्पेन्सेटेड सिरॉसिस'. म्हणजे पोटात पाणी झालेले, रक्ताची उलटी झालेली किंवा भ्रम पडू लागलेला रुग्ण. "तुमचं अजून तिथपर्यंत गेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे," असे डॉक्टर म्हणाले. त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही, त्यांच्या हातात यादी होती. पण लस आजार वाढू नये म्हणून द्यायची असते, आणि इथे ती मिळवण्यासाठी आजार वाढलेला असणे ही अट होती. एक महिन्याने, १ एप्रिलपासून, ४५ वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली. तोवर ते गेले होते.

त्यांना खोकला नव्हता. दम लागला नव्हता. दोन दिवस अंग कणकणले, मग पोट फुगू लागले आणि तिसऱ्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले. घरच्यांनी रिक्षात घालून एका रुग्णालयात नेले. तिथे प्रवेशद्वारावर पहिला प्रश्न आला : "किती प्यायलाय?" मुलगा सांगतोय बाप पीत नाही, आणि समोरचा माणूस रुग्णाची वस्ती, कपडे आणि अडखळणारी जीभ पाहून ठरवून बसलेला. दोन तास गेले. पुढे आरटीपीसीआर झाली, ती पॉझिटिव्ह आली. चौथ्या दिवशी मृत्यू. दाखल्यावर कारण लिहिले गेले : लिव्हर सिरॉसिस.

हे असे का होते, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण वस्तीवस्तीत असे रुग्ण आहेत.

यकृत हा शरीराचा कारखानाही आहे आणि गाळणीही. आतड्यांकडून येणारे रक्त आधी यकृतातून जाते आणि तिथे बसलेल्या पेशी त्यातले जंतू टिपून घेतात. जंतूंशी लढायला लागणारी कितीतरी प्रथिने यकृतच तयार करते. सिरॉसिसमध्ये यकृताचा मऊ भाग जाऊन तिथे कडक व्रण तयार होतात. कारखान्याचे उत्पादन घटते. रक्ताला आतून वाट मिळत नाही, मग ते आडवाटेने, गाळणी चुकवून सरळ पुढे जाते. म्हणजे पहारेकरी कमी आणि दरवाजा उघडा. अशा शरीरात फ्लूचा किंवा करोनाचा विषाणू घुसला की फुप्फुसाला सूज येतेच, पण मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनियाही होऊ शकतो. पोटात पाणी असेल तर ते खालून दाबते आणि श्वास पुरता भरत नाही. भ्रम असेल तर खोकून कफ बाहेर टाकायचे भान राहत नाही. ताप आणि उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडे खचतात. जे यकृत अर्ध्या ताकदीवर कसेबसे संसार ओढत होते, ते या एका धक्क्याने बसते. डॉक्टर ज्याला जुन्या आजारावर आलेले तीव्र यकृत निकामीपण म्हणतात ते हेच, आणि त्यातून परत येणारे थोडे.

हे आम्ही मनाने सांगत नाही. करोनाच्या पहिल्या वर्षात अनेक देशांतील यकृतरोगी करोनाबाधितांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. एकूण ७४५ रुग्ण. त्यांपैकी ज्यांना यकृताचा जुना आजार होता पण सिरॉसिस नव्हता, त्यांच्यात मृत्यू १०० मागे ८. ज्यांना सिरॉसिस होता त्यांच्यात १०० मागे ३२. सिरॉसिसच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर १९, दुसरीवर ३५, तिसरीवर ५१. पहिल्या पायरीवरचा आकडा पुन्हा वाचा. आमचे स्नेही त्या पायरीवर होते, आणि यादीने त्यांना 'पुरेसे आजारी नाही' म्हणून परत पाठवले. याच नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली. सिरॉसिसच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचे यकृत या संसर्गात अचानक ढासळले, आणि अशा ढासळलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला श्वसनाचे कोणतेही लक्षण नव्हते. ना खोकला, ना दम. म्हणजे साथीच्या दिवसांत सिरॉसिसच्या रुग्णाचे पोट फुगले किंवा तो बरळू लागला, तर आधी त्याच्या नाकातला नमुना घ्यायला हवा. त्याच्या तोंडाचा वास घेत बसायची ती वेळ नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लोक उगीच धास्तावतील. ज्याच्या रक्तात 'कावीळ बी' किंवा 'सी' आहे पण सिरॉसिस नाही, त्याचा धोका इतका मोठा नाही. प्रश्न हा आहे की आपण कुठल्या पायरीवर आहोत हे आपल्याला ठाऊक असते का?

इथेच खरी मेख आहे. पुण्याला साथी नव्या नाहीत. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच शहरात. अलीकडचे सांगायचे तर ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतर नायडू रुग्णालयापुढे लागलेल्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल आणि बंद शाळा ज्यांनी पाहिल्या ते विसरणार नाहीत. त्याच वर्षी केंद्र सरकारने रुग्णांची वर्गवारी केली. त्यातल्या 'ब' वर्गाच्या दुसऱ्या भागात गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध यांच्याबरोबर फुप्फुस, हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे विकार असलेले रुग्ण होते. या लोकांना फ्लूसारखी लक्षणे दिसताच तपासणीची वाट न पाहता ओसेल्टामिव्हिर सुरू करावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. इथे शब्द 'यकृताचे विकार' एवढाच होता. कुठली पायरी, पाणी झाले की नाही, असली भानगड नव्हती. २००९ चा कागद उदार होता आणि २०२१ चा कंजूष, असा हा प्रवास आहे. लस कमी होती, म्हणून रांग लावावी लागली, हे आम्हाला मान्य आहे. पण रांगेत कोणाला मागे ढकलले गेले, याची चर्चा त्या महिन्यात तरी आमच्या कानावर आली नाही.

आणि कागद उदार असूनही काय उपयोग? ज्याला आपले यकृत बिघडल्याचे ठाऊकच नाही, तो 'ब' वर्गात आहे हे डॉक्टरला कोण सांगणार? यकृत मुके असते. तीन-चतुर्थांश गेले तरी बोलत नाही. कोथरूडचा साहेब दरवर्षी सगळ्या शरीराची तपासणी करून घेतो, त्याच्या अहवालात यकृताचे आकडे छापून येतात. ताडीवाला रोड, काशेवाडी, जनता वसाहत इथला माणूस डोळे पिवळे झाल्याशिवाय रक्त तपासत नाही, आणि डोळे पिवळे झाले की आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. हिपॅटायटिस बीची लस बालकांच्या लसीकरणात प्रायोगिक स्वरूपात २००२-०३ पासून आणि सगळ्या देशात २०११ पासून आली. म्हणजे आज कष्टाची कामे करणारी बहुतेक पिढी त्या लसीवाचूनच वाढली. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधे मोफत आहेत. वस्तीत विचारून पाहा, किती जणांनी हे नाव ऐकले आहे? सफाई कामगारांची तरी प्रत्येकाची बी-सी तपासणी आणि ज्यांना लागण नाही त्यांना बीची लस, ही मागणी इतकी साधी आहे की ती करतानाही लाज वाटते.

दारूबद्दलही स्पष्ट बोलू. दारूने यकृत जाते, आणि त्याच नोंदींत असेही दिसले की दारूमुळे यकृत बिघडलेल्यांचे मृत्यू अधिक झाले. आपल्या वस्त्यांत देशी दारूने घरे बसवली आहेत, हे आम्ही झाकत नाही. पण संविधानाचे कलम ४७ उघडून पाहा. लोकांचे पोषण वाढवणे, सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि मादक पेयांना आळा घालणे, ही तिन्ही कर्तव्ये एकाच कलमात राज्यावर टाकलेली आहेत. राज्य त्याच दारूवर उत्पादन शुल्क घेते आणि मग पिणारा रुग्णालयात आला की 'स्वतःच्या करणीने मेला' म्हणून हात झटकते. पिणाऱ्यालाही अनुच्छेद २१ लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा आणि १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजूर समितीच्या खटल्यात तातडीच्या उपचाराचा हक्क मान्य केला, तेव्हा रुग्णाच्या चारित्र्याचा दाखला मागितलेला नाही. आणि न पिणाऱ्या रुग्णाला केवळ वस्तीवरून दारुडा ठरवणे, याला आम्ही उपचारातला भेदभावच म्हणतो.

तापाच्या दिवसांत घरी होणाऱ्या चुकाही कमी नाहीत. अंग दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या मेडिकलवाला हसत हसत देतो. सिरॉसिसमध्ये त्या मूत्रपिंडाला मारतात आणि पोटात रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे नको, आणि तीही डॉक्टरला विचारून. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा दोन्ही मिळून हिशेब धरावा. झोप आणणारी खोकल्याची औषधे भ्रम वाढवतात. करोनात घरोघर गुळवेलीचा काढा चालला होता. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत तो घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते नाकारले. वाद त्यांचा चालू दे. ज्याचे यकृत आधीच दुखणाईत आहे त्याने त्या वादात आपले शरीर पणाला लावू नये, एवढेच आमचे म्हणणे.

फ्लूची लस यकृतरोग्याने दरवर्षी घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. २०१० साली आपल्याच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूची नाकात फवारायची लस आणली होती. नाकातली जिवंत विषाणूची लस धडधाकटांसाठी. यकृतरोग्याने घ्यायची ती मृत विषाणूची, इंजेक्शनची. ती सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही, बाजारात घ्यायची तर हजार-दोन हजार रुपये. ज्या शहरात जगभर जाणाऱ्या लसी तयार होतात, ज्या शहरात १९५२ पासून विषाणू संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी आहे आणि जिथे कावीळ व फ्लू या दोन्हींचे विषाणू अभ्यासले जातात, त्या शहरातल्या कचरा उचलणाऱ्याला ती लस परवडत नाही. महापालिकेने निदान आपल्या दवाखान्यांत नोंद असलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांना, पायरी न पाहता, ती मोफत टोचावी.

आता पुन्हा त्या दाखल्याकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी करोनाने मृत झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्यास मान्यता दिली. दाखल्यावर करोना लिहिलेले नाही एवढ्याच कारणाने कोणालाही नाकारू नये, असेही बजावले. त्याआधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू करोनाचाच धरायचा होता. म्हणजे 'सहव्याधी'चा बचाव न्यायालयाने या एका बाबतीत तरी मोडून काढला. पण आमच्या स्नेह्यांच्या पत्नीला हे ठाऊक नव्हते. त्या आमच्याकडे आल्या त्या वेगळ्याच कामाला, शिधापत्रिकेवरून नाव कमी करायला. बोलता बोलता विषय निघाला. आम्ही म्हणालो, "वहिनी, अर्ज करू." त्या म्हणाल्या, "कशाला साहेब, कागदावर लिव्हर लिहिलंय. तेच खरं असंल." आरटीपीसीआरचा अहवाल मुलाच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडला, काच फुटलेली होती पण तारीख वाचता येत होती. अर्ज आधी फेटाळला गेला. तक्रार निवारण समितीपुढे आम्ही तो अहवाल आणि न्यायालयाचा आदेश ठेवला, तेव्हा रक्कम मंजूर झाली. वस्तीतल्या किती जणींचे मोबाइल हरवले असतील, ते आम्हाला माहीत नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सांगतो. घरात यकृताचा रुग्ण असेल तर त्याची फाइल पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवू नका, दाराजवळ ठेवा. ताप आला की पहिल्या दिवशी दवाखान्यात जा आणि केसपेपर काढतानाच 'यकृताचा आजार आहे' असे सांगा व ते लिहून घ्या. नमुना घेतला तर त्याची पावती मागा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात, त्या कलम ४१ अअ चे नाव घेऊन मागा. आणि दुर्दैवाने कोणी गेलेच, तर मृत्यूच्या कारणाचा कागद हातात घेण्याआधी तो वाचा. शेवटच्या आजारातला विषाणू त्यावर लिहिलेला नसेल तर तिथेच, लेखी, हरकत नोंदवा.